पहिल्यांदाच माझ्या नावाने पेपर रिव्ह्यूला आलाय. नीट कसा करायचा?

तळ्याकाठी:

नमस्कार मंडळी. मी गोड्या पाण्यातल्या शैवालांवर काम करते. पीएचडी होऊन दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एका जर्नलच्या संपादकांचा मेल आला, अमुक हस्तलिखित छापावं की नाही हे ठरवण्यासाठी त्याचा रिव्ह्यू, म्हणजे परीक्षण, कराल का, मुदत २१ दिवस. माझ्या स्वतःच्या नावाने आलेलं हे पहिलं निमंत्रण. लगेच होकार कळवला, पीडीएफ उतरवून घेतली, दोनदा वाचली आणि तेव्हापासून कोरं पान समोर घेऊन बसले आहे.

तसे रिव्ह्यू मी आधीही लिहिलेत, पाच-सहा तरी. पीएचडीच्या काळात गाईडकडे आलेले पेपर ते मला पुढे पाठवायचे. "शुक्रवारपर्यंत दोन पानं लिहून दे," एवढीच सूचना असायची. मी लिहून द्यायचे. त्यातलं किती तसंच गेलं, किती खोडलं गेलं, संपादकांना माझं नाव सांगितलं का, ते पेपर पुढे छापून आले का, यातलं काहीच मला कधी कळलं नाही. सहा वेळा परीक्षा दिली आणि एकदाही तपासलेली उत्तरपत्रिका हातात पडली नाही, असं झालं. त्यामुळे अनुभव आहे म्हणायचं, पण त्यातून काय शिकले ते सांगता येत नाही.

अडचण अशी की यातलं प्रत्यक्ष पाण्यावर जाऊन करायचं काम (फील्डवर्क) आणि नमुने घेण्याची पद्धत मला चांगली कळते, पण विश्लेषणात वापरलेलं संख्याशास्त्रीय मॉडेल मी कधी चालवलेलं नाही. मग मी हा रिव्ह्यू करायला लायक आहे का? इंग्रजी बरंच अडखळतं आहे, ते दुरुस्त करून द्यायचं का? आणि शेवटी जो चौकोन आहे, स्वीकारा, सुधारणा, नाकारा, त्यावर खूण करायला हात धजत नाही. कुणाच्या तरी दोन-तीन वर्षांच्या मेहनतीचा प्रश्न आहे.

(इथे हस्तलिखिताबद्दल तीन ओळी होत्या. खालचा प्रतिसाद वाचून काढून टाकल्या.)

जुनी_लेखणी:

तळ्याकाठी, उत्तर देण्याआधी एक विनंती. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही विषय, प्रदेश आणि नमुन्यांची संख्या लिहिली आहे. तेवढं आत्ताच्या आत्ता काढून टाका. या विषयात काम करणारी माणसं मोजकी असतात, एवढ्यावरून लेखक ओळखता येतात. रिव्ह्यूला आलेलं हस्तलिखित ही दुसऱ्याची ठेव आहे. त्याची चर्चा सहकाऱ्याशी करायची असेल तरी आधी संपादकांना विचारायचं. प्रकाशन-नीतीसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने परीक्षकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यात हे स्पष्ट लिहिलंय. चारपाच पानांचा मजकूर आहे, आज रात्री वाचून काढा.

बाकी सविस्तर उद्या लिहिते. नऊ वर्षं एका जर्नलची सहसंपादक आहे, त्यामुळे तुमचा रिव्ह्यू ज्या टेबलावर जाऊन पडणार आहे त्या बाजूचं थोडं सांगू शकेन.

तळ्याकाठी:

काढलं. मनापासून आभार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रात्रपाळी:

गाईडसाठी लिहून दिलेल्या रिव्ह्यूंबद्दल. तुम्ही एकट्या नाही. २०१९ मध्ये 'ईलाइफ' या जर्नलमध्ये एक पाहणी आली होती, सुमारे ५०० तरुण संशोधकांची. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी वरिष्ठांबरोबर रिव्ह्यू केलेला होता आणि सुमारे निम्म्यांनी स्वतःचं नाव कुठेही न येता दुसऱ्यासाठी लिहून दिला होता. यात फक्त श्रेय बुडतं असं नाही, शिकणं बुडतं. संपादकांचं निर्णयाचं पत्र नोंदवलेल्या परीक्षकाला जातं. ज्याने खरं लिहिलं त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

आता बऱ्याच जर्नलच्या फॉर्मवर सह-परीक्षकाचं नाव लिहायला जागा असते. नसली तरी संपादकांना दोन ओळींचा मेल टाकून परवानगी घेता येते. मी वैद्यकीय संशोधनात आहे. माझ्या विद्यार्थ्याने एक परिच्छेद जरी लिहिला तरी त्याचं नाव तिथे जातंच.

जुनी_लेखणी:

काल म्हटल्याप्रमाणे.

रिव्ह्यू नेमका कुणासाठी लिहायचा हा वाद या प्रथेइतकाच जुना आहे. १८३१ साली इंग्लंडमधले विद्वान विल्यम व्हेवेल यांनी तिथल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला सुचवलं की आलेल्या निबंधांवर लेखी अहवाल घ्यावेत. सुरुवातीलाच जो निबंध निवडला तो जॉर्ज एअरी यांचा, पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीतल्या एका बारीक फरकाबद्दल. परीक्षक दोन, स्वतः व्हेवेल आणि जॉन लबक. आणि दोघांचं पटेना. व्हेवेल यांना सांगायचं होतं की या निबंधाने ज्ञानात कशाची भर पडते. लबक यांना त्यातल्या गणिताच्या चुका काढायच्या होत्या. तुम्हाला ही दोन्ही कामं करायची आहेत, पण क्रम व्हेवेल यांचा धरा.

मी असं करते. पहिलं वाचन हातात पेन न घेता. मग फाइल बंद करून स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहायच्या: प्रश्न काय होता, त्यासाठी काय केलं, काय आढळलं, आणि त्यावरून लेखक काय म्हणतायत. या पाच ओळी लिहिता आल्या नाहीत तर एक तर पेपर गोंधळलेला आहे किंवा आपण पुरेसा वाचलेला नाही. दोन्हीपैकी काय ते दुसऱ्या वाचनात कळतं. रिव्ह्यूची सुरुवात याच ओळींनी करायची. लेखकाला त्यातून दिसतं की परीक्षकाने आपलं म्हणणं ऐकलं आहे, किंवा आपलं म्हणणं पोचलेलंच नाही. दोन्ही माहिती त्याच्या कामाची.

दुसऱ्या वाचनात चर्चेचा भाग झाकून ठेवते आणि आधी तक्ते आणि आकृत्या बघते. त्यावरून मी स्वतः काय निष्कर्ष काढला असता ते समासात लिहिते आणि मग लेखकाचा निष्कर्ष वाचते. फट पडते ती बहुतेक वेळा इथेच. आकृती म्हणते 'दोन गोष्टी एकत्र वाढतात' आणि चर्चा म्हणते 'एकीमुळे दुसरी वाढते'. निकालात लिहिलेलं असतं 'या तीन ठिकाणी' आणि सारांशात होतं 'सर्वत्र'.

मग पद्धतीचा भाग, एकाच प्रश्नासह: एवढ्या माहितीवर मी हा प्रयोग पुन्हा करू शकेन का? तुम्ही फील्डवर्क जाणता ना, इथे तुमच्याइतकं चांगलं कुणी वाचू शकणार नाही. नमुने दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले, किती खोलीवरून, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कशात ठेवले. ज्याने पाण्यात पाय घातलेला नाही त्याला हे प्रश्न सुचतच नाहीत.

लिहिताना आक्षेपांची दोन ढिगांत वाटणी करा. ज्यामुळे निष्कर्षच डळमळतो ते पहिल्या ढिगात, आणि तिथे तीन-चारच मुद्दे असावेत. बाकी सगळं दुसऱ्यात, पान आणि ओळ क्रमांकासह. माझ्याकडे असे रिव्ह्यू येतात की पहिल्या पानावर स्वल्पविरामाच्या चुका आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य, 'तुलनेसाठी नियंत्रण गट दिसत नाही'. लेखक बिचारा स्वल्पविराम दुरुस्त करून पाठवतो.

इंग्रजीचं विचारलंत. भाषा दुरुस्त करणं तुमचं काम नाही. जिथे भाषेमुळे अर्थ कळत नाही ती वाक्यं दाखवा, 'याचे दोन अर्थ होतात, कोणता अभिप्रेत आहे' असं विचारा. आणि कृपा करून 'इंग्रजी मातृभाषा असलेल्याकडून तपासून घ्या' हे वाक्य लिहू नका. लेखकाची मातृभाषा कोणती हे तुम्हाला ठाऊक नाही.

चौकोनाची भीती सोडा. ती शिफारस आहे, निर्णय संपादकाचा. मला खुणेपेक्षा कारणं हवी असतात.

अंकगणिती:

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून आकड्यांपुरतं. मॉडेल येत नसलं तरी बऱ्याच गोष्टी साध्या बेरीज-भागाकाराने तपासता येतात.

प्रत्येक तक्त्यातली एकूण संख्या बघा. पद्धतीत ६० नमुने, तक्त्यात ५४, आकृतीत ५७ ठिपके. उरलेले कुठे गेले? मी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, आणि उत्तर जवळजवळ नेहमी महत्त्वाचं निघतं.

सरासरी तपासा. समजा २० जणांनी १ ते ५ मधला एक पूर्ण आकडा निवडला आणि सरासरी ३.४७ दिली आहे. २० पूर्ण आकड्यांची बेरीज पूर्णच येणार, तिला २० ने भागलं तर उत्तर ०.०५ च्या पटीत येणार. म्हणजे ३.४५ येईल, ३.५० येईल, ३.४७ येणार नाही. याला 'ग्रिम' चाचणी म्हणतात, २०१६ मध्ये मांडली गेली. पण लगेच 'आकडे बनावट आहेत' असं लिहायचं नाही! एकाने उत्तर दिलं नसेल तर ६६ भागिले १९ बरोबर ३.४७ येतं. म्हणून विचारायचं, 'ही सरासरी किती प्रतिसादांवर काढली आहे?'

पी-मूल्यं (खरा परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) पुन्हा काढून बघा. टी (चाचणीचा आकडा) १.८०, स्वातंत्र्यांश (नमुन्यांच्या संख्येवरून ठरणारा आकडा) २८ आणि पी ०.०३ असं लिहिलेलं असेल तर कुठेतरी गडबड आहे. दोन्ही बाजूंची चाचणी धरली तर पी साधारण ०.०८ यायला हवं, एका बाजूची धरली तरी ०.०४. इंटरनेटवरच्या कुठल्याही पी-मूल्य कॅल्क्युलेटरवर मिनिटाचं काम.

मग एक फसवी जागा. 'अ गटात परिणाम दिसला, पी ०.०३. ब गटात दिसला नाही, पी ०.२०. म्हणून दोन्ही गट वेगळे आहेत.' हे चूक आहे. दोन गट वेगळे म्हणायचे तर त्यांच्यातल्या फरकाचीच चाचणी करायला हवी. २०११ मध्ये पाच नावाजलेल्या जर्नलमधले मेंदूविज्ञानाचे पेपर कुणीतरी तपासले. ही चूक होण्याची संधी होती अशा १५७ पेपरांपैकी ७९ मध्ये ती झालेली होती. ते सगळे परीक्षकांच्या हाताखालून गेलेले पेपर.

आणि तुमच्या क्षेत्रातली खास गोष्ट. दोन तळी, एकात खत टाकलं, दुसऱ्यात नाही, प्रत्येकातून १५ बाटल्या पाणी भरलं. एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, किती? ३० नाही. खताचं तळं एक, बिनखताचं एक. बाटल्या कितीही भरल्या तरी तळी वाढत नाहीत. त्या दोन तळ्यांत खताशिवाय आणखी शंभर फरक असू शकतात. पर्यावरणशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला 'स्यूडोरेप्लिकेशन' (खोटी पुनरावृत्ती) असं नाव दिलं. त्यांनी प्रत्यक्ष जागेवर केलेले १७६ प्रयोग तपासले होते. त्यातल्या ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या लावल्या होत्या त्यांपैकी ४८ टक्क्यांत हा दोष निघाला. हे ओळखायला मॉडेल यावं लागत नाही. प्रयोगाचं एकक कोणतं, एवढं नीट विचारावं लागतं.

कोरा_कागद:

माझं क्षेत्र मुलाखतींवर आधारित संशोधनाचं, तिथे यातलं निम्मं लागू होत नाही. म्हणून एवढंच जोडते की तिथे 'नमुना लहान आहे' हा आक्षेप डोळे मिटून घेऊ नये. तिथे विचारायचं असतं की माणसं कशी निवडली, मुलाखत घेणाऱ्याचं त्यांच्याशी नातं काय होतं, लेखकाच्या मांडणीला छेद देणारी उद्धृतं कुठे आहेत. सगळीच उद्धृतं एका सुरात बोलत असतील तर मी थांबते.

पण मला खरं लिहायचंय ते सुराबद्दल. अकरा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या पेपरवर एक रिव्ह्यू आला होता. त्यातलं पहिलं वाक्य होतं, 'याला संशोधन म्हणता येणार नाही.' पुढे तीन पानं होती आणि आज वाचताना कळतं की त्यातले दोन आक्षेप अगदी योग्य होते. पण तेव्हा मी पहिल्या वाक्यापाशी थांबले. ती फाइल पुन्हा उघडायला मला सात महिने लागले. त्या परीक्षकाला कदाचित दुसऱ्या दिवशी आठवतही नसेल काय लिहिलं ते.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. वाक्यात 'तुम्ही' किंवा 'लेखक' ऐवजी 'हस्तलिखित' आणते. 'लेखकांना पद्धत समजलेली नाही' असं न लिहिता 'हस्तलिखितातून निवडीचे निकष स्पष्ट होत नाहीत' असं लिहिते. आणि पाठवण्याआधी एक रात्र जाऊ देते. सकाळी वाचताना जे वाक्य मी त्या माणसासमोर बसून म्हणू शकले नसते ते बदलते. मुद्दा सोडत नाही, वाक्य बदलते.

मुक्त_वाचक:

एक विरोधी मत मांडतो, राग नसावा. हे सगळं शिकून खरंच फरक पडतो का? १९९८ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय जर्नलच्या लोकांनी एका पेपरमध्ये मुद्दाम ८ दोष पेरले आणि तो ४२० परीक्षकांना पाठवला. २२१ जणांनी उत्तर दिलं. सरासरी दोष सापडले २. सोळा टक्के लोकांना एकही सापडला नाही. पुढे २००८ मध्ये पुन्हा तसाच प्रयोग झाला, ६०७ परीक्षक, प्रत्येक पेपरमध्ये ९ मोठ्या चुका, आणि पहिल्या पेपरमध्ये सापडल्या सरासरी २.५८. त्यातल्या काहींना प्रशिक्षण दिलं होतं, त्याने किंचित फरक पडला. एका वैद्यकीय जर्नलने नव्या परीक्षकांना अनुभवी परीक्षकांशी जोडून पाहिलं, तरीही रिव्ह्यूचा दर्जा सुधारलेला दिसला नाही. मग कार्यशाळा आणि मार्गदर्शनाचा एवढा आग्रह कशासाठी?

अंकगणिती:

आकडे बरोबर आहेत. मी ते वर्गात दाखवतो.

जुनी_लेखणी:

मुक्त_वाचक, राग कसला, हे बोलायलाच हवं होतं. मीही एकदा दीड दिवसाची कार्यशाळा घेतली आहे आणि त्यानंतर आलेल्या रिव्ह्यूंमध्ये मला फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे 'शिकवलं की येतं' असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पण या प्रयोगांतून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, कुठल्याही एका परीक्षकाला सगळं दिसणार नाही, हे गृहीतच धरायचं. म्हणून तर दोन-तीन जणांना विचारतो. मग सगळं तपासल्याचा आव आणण्यापेक्षा काय तपासलं आणि काय नाही हे परीक्षकाने लिहिणं मला जास्त उपयोगी. तळ्याकाठी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. तुम्ही लायक आहात. संपादकांसाठीच्या रकान्यात स्पष्ट लिहा: 'नमुने घेण्याची पद्धत आणि शैवालांची ओळख मी बारकाईने तपासली आहे. विश्लेषणातलं मॉडेल माझ्या अभ्यासाचं नाही, त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाचं मत घ्यावं.' नऊ वर्षांत असं लिहून देणारे परीक्षक मला फार थोडे भेटले. असं वाक्य वाचलं की मी तिसरा परीक्षक शोधायला लागते. ते नसलं की मी समजते की दोघांनीही मॉडेल पाहिलंय. आणि दोघांनीही पाहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट तुम्हीच धाग्याच्या सुरुवातीला लिहिली आहे, उत्तरपत्रिका परत मिळत नाही. व्याख्यान ऐकून ही नजर येत नाही. आपण काय लिहिलं आणि त्याच पेपरवर दुसऱ्याने काय पाहिलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघावं लागतं. निर्णय झाल्यावर बरीच जर्नल सर्व परीक्षकांचे अहवाल एकमेकांना पाठवतात. नाही आले तर मागा. मी तरी कुणाला नाही म्हटलेलं नाही.

रात्रपाळी:

आणि त्यासाठी निमंत्रणाची वाट बघायची गरज नाही. छापलेले रिव्ह्यू आता भरपूर मिळतात. 'अ‍ॅटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स' २००१ पासून रिव्ह्यू उघड्यावर करतं. 'एम्बो जर्नल' २००९ पासून अहवाल छापतं, 'नेचर कम्युनिकेशन्स'ने २०१६ पासून सुरुवात केली, आणि २०२५ च्या जूनपासून 'नेचर'ने नव्याने येणाऱ्या सर्व संशोधन लेखांसाठी ते नेहमीचं केलं.

मी विद्यार्थ्यांकडून एक सराव करून घेतो. असा पेपर निवडायचा ज्याची पहिली आवृत्ती प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे रिव्ह्यूआधीच लेखकांनी खुली केलेली, उपलब्ध आहे आणि ज्याचे रिव्ह्यू छापलेले आहेत. फक्त प्रीप्रिंट वाचून आपला रिव्ह्यू लिहायचा. मग खरे रिव्ह्यू उघडायचे आणि तीन रंगांनी खुणा करायच्या: दोघांनाही दिसलं, फक्त त्यांना दिसलं, फक्त मला दिसलं. पहिल्यांदा दुसरा रंग पानभर पसरतो. पाचसहा पेपरांनंतर आपली आंधळी जागा कोणती ते दिसायला लागतं. माझी होती वगळलेले रुग्ण. अभ्यासातून मधेच बाहेर पडलेल्यांचा विचार मी कधी करतच नसे. प्रीप्रिंटवर गटाने रिव्ह्यू लिहायचे असतील तर 'प्रीरिव्ह्यू' नावाचा उपक्रम २०१७ पासून चालू आहे, तिथे नवख्यांनाही जागा आहे.

मुक्त_वाचक:

हे पटलं. या सरावाचा कुणी नीट अभ्यास केला तर वाचायला आवडेल.

नवा_सदस्य:

मधेच विचारतो. पीडीएफ चॅटबॉटला देऊन त्रुटींची यादी मागितली तर चालतं का? माझे दोन मित्र करतात.

जुनी_लेखणी:

नाही. हस्तलिखित गोपनीय आहे, ते बाहेरच्या सेवेवर चढवणं म्हणजे तिसऱ्याच्या हातात देणं. अनेक जर्नलनी हे स्पष्टपणे मना केलं आहे, आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने निधीच्या प्रस्तावांच्या परीक्षणासाठी २०२३ मध्येच बंदी घातली. नियम बाजूला ठेवले तरी, संपादकाने ते हस्तलिखित तुमच्याकडे पाठवलं ते तुमच्या डोळ्यांसाठी. ते कुणाकडे सोपवू नका. स्वतः लिहिलेल्या रिव्ह्यूचं व्याकरण तपासण्यापुरती मदत काही ठिकाणी चालते, पण तीही त्या जर्नलचा नियम बघून आणि सांगून.

कोरा_कागद:

नावाबद्दल कुणीच बोललं नाही. रिव्ह्यूवर सही करावी का?

रात्रपाळी:

'बीएमजे'मध्ये १९९९ पासून परीक्षकाचं नाव लेखकाला कळतं. त्यांनी आधी प्रयोग करून पाहिला होता. नाव कळणार म्हणून दर्जा बदलला नाही, फक्त नकार देणारे वाढले. मी सही करतो. पण माझी नोकरी कायम आहे. तळ्याकाठींच्या जागी असतो तर केली नसती, आणि त्यात कमीपणा काही नाही.

अंकगणिती:

निनावी परीक्षकाची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. १९३६ मध्ये आइनस्टाइन आणि रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पेपर पाठवला, गुरुत्वीय लहरी नसतात असा. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला आणि दहा पानांचा अहवाल आला, युक्तिवादात चूक आहे म्हणून. आइनस्टाइन संतापले. छापण्याआधी पेपर तज्ज्ञाला दाखवायची परवानगी आपण दिली नव्हती असं कळवून त्यांनी तो परत घेतला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जर्नलमध्ये आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. दरम्यान त्यांनी आइनस्टाइन यांच्या सहकाऱ्याशी बोलून तीच चूक दाखवून दिली होती, आपण परीक्षक होतो हे न सांगता. जगाला त्यांचं नाव कळलं ते २००५ मध्ये. समोर कोण आहे हे ठाऊक असूनही त्या माणसाने दहा पानं गणित तपासलं.

तळ्याकाठी:

रिव्ह्यू पाठवला. एकूण अकरा तास लागले, तीन संध्याकाळींत. पाच ओळींचा सारांश चार वेळा लिहिला आणि चौथ्या वेळी कळलं की पेपरचा प्रश्न आणि प्रयोगाचा प्रश्न वेगळे आहेत. तोच माझा पहिला मुख्य मुद्दा झाला. पद्धत आणि तक्ता यांतल्या संख्या जुळत नव्हत्या, तो दुसरा. तिसरा नमुने साठवण्याबद्दल. जुनी_लेखणी, तुम्ही सांगितलेलं वाक्य संपादकांच्या रकान्यात लिहिलं. लिहिताना वाटलं की आता मला पुन्हा कधी बोलावणार नाहीत.

एक गोष्ट पहिल्या मसुद्यात लिहून शेवटी काढली. मॉडेलच्या निकालाचा एक भाग मला उलटा वाटत होता, 'हे चुकलेलं दिसतं' असं लिहिलं होतं. सकाळी वाचताना लक्षात आलं की हे मी नुसत्या वाटण्यावर लिहितेय. त्याऐवजी 'हा परिणाम या दिशेने का यावा याचं स्पष्टीकरण द्यावं' असा प्रश्न ठेवला.

तळ्याकाठी:

दोन महिन्यांनी धागा वर आणते आहे. निर्णयाचं पत्र आलं, मोठ्या सुधारणा. सोबत इतर दोघांचे अहवाल. तपशील लिहीत नाही, फक्त माझ्यापुरतं.

रात्रपाळींनी सांगितलेल्या तीन रंगांनी खुणा केल्या. संख्या न जुळणं दुसऱ्या परीक्षकांनाही दिसलं होतं. साठवणुकीचा मुद्दा फक्त माझा. आणि त्यांनी दाखवलं की मुख्य आकृतीचा उभा अक्ष लॉगरिदमिक आहे (समान अंतरावर आकडे पटीपटीने वाढतात), त्यामुळे पाचपट वाटणारा फरक प्रत्यक्षात किती मोठा आहे ते मजकुरात कुठेच येत नाही. मी ती आकृती निदान दहा वेळा पाहिली होती. अक्ष वाचलाच नव्हता.

तिसरे परीक्षक संख्याशास्त्राचे आहेत, संपादकांनी माझ्या त्या वाक्यानंतर शोधलेले. पत्रात तसं लिहिलंय.

अंकगणिती:

आणि मॉडेलबद्दल ते काय म्हणाले? तुम्हाला उलटा वाटलेला भाग?

तळ्याकाठी:

तो बरोबर होता. त्या प्रकारच्या मॉडेलमध्ये गुणांकाचं चिन्ह (अधिक की उणे) वेगळ्या पद्धतीने वाचायचं असतं, मला ते माहीतच नव्हतं. अडचण दुसरीकडे निघाली, एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा घेतलेले नमुने स्वतंत्र मानले आहेत. तुम्ही वर तळ्याचं उदाहरण दिलं होतं त्याच जातीची. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी ओळखता आलं नाही, कारण इथे तळी नव्हती, तारखा होत्या.

सुधारित पेपर परत येईल तेव्हा मला तो भाग स्वतः वाचता यायला हवा. सुरुवात कुठून करू?

अंकगणिती:

शनिवारी वेगळा धागा काढतो, पुनरावृत्त मोजमापांवर. लहानसा डेटासेट तयार करून देतो, तुम्ही चालवून बघा आणि जिथे अडाल तिथे विचारा.